सिटा, सिटाकिंग, सिटाकू : मेळघाटातले सहा दिवस

आमच्या अध्यापक विद्यालयात डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला एक क्षेत्रभेट असते. एरवी ती जवळच्या एखाद्या शाळेपर्यंत जाते आणि संध्याकाळच्या एसटीने परत येते. यंदा आमच्या मॅडमनी वेगळं ठरवलं. सहा दिवस जायचं, आणि जिथे मुलांच्या घरात मराठी बोलली जात नाही अशाच शाळेत जायचं. आम्ही सात मुली, एक मुलगा आणि मॅडम असे नऊ जण निघालो. मी तासगावची. सातपुडा मी शाळेत असताना नकाशावर तपकिरी रंगाने रंगवला होता, तेवढीच माझी त्याची ओळख.

ज्या गावात राहिलो ते अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, सेमाडोह या गावापासून थोडं आत आहे. गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती मुलं सहा-सात वर्षांची आहेत.

दिवस पहिला : दोरी आडवी आली

रात्रीच्या गाडीने बडनेरा, तिथून अमरावती, मग परतवाडा. परतवाड्याला पोटभर नाश्ता करून घ्या, पैसेही तिथेच काढा. पुढे घाट लागतो आणि मोबाईलची रेंज गेली की गेलीच.

मार्च महिना होता. सागाची पानं गळून गेली होती आणि डोंगर उघडेबोडके दिसत होते. त्या करड्या रंगात मध्येच पळस पेटलेला. होळी होऊन तीनच दिवस झाले होते. एका वळणावर ड्रायव्हरदादांनी गाडी हळू केली. समोर रस्त्यावर दोरी आडवी धरलेली, दोन्ही टोकांना बायका आणि मुली, मध्ये आठ-दहा जणी गात नाचत होत्या. मला क्षणभर वाटलं काही भांडण-बिंडण झालंय. दादा हसले, म्हणाले, "फगवा हाय मॅडम. द्या दहा रुपये, सोडतात."

मेळघाटातल्या कोरकू आदिवासींची होळी एका दिवसात आटोपत नाही, ती चांगली चार-पाच दिवस चालते. या दिवसांत रस्त्यावर फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. आम्ही दहा रुपये दिले तर एका म्हातारीने खिडकीतून हात घालून माझ्या गालाला रंग लावला आणि दोरी खाली टाकली. सेमाडोहपर्यंत अशा पाच दोऱ्या लागल्या. तिसऱ्या दोरीला आम्हीच गाडीतून उतरून त्यांच्यात नाचलो. ड्रायव्हरदादांनी सांगितलं की कामासाठी बाहेरगावी गेलेली सगळी माणसं होळीला घरी येतात, मेळघाटात दिवाळीपेक्षा होळी मोठी. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. शाळेत हजेरीपट बघताना ते पुन्हा आठवलं. कितीतरी मुलांच्या नावापुढे महिनोन्‌महिने गैरहजेरी होती आणि होळीच्या आठवड्यापासून पुन्हा हजेरी.

(होळीच्या सुमारास जाणार असाल तर दहाच्या नोटांचं बंडल जवळ ठेवा. आणि घाईत असाल तर त्या आठवड्यात जाऊच नका.)

राहण्याची सोय मात्र ऐनवेळी फिसकटली. ज्या ठिकाणी आमचं बुकिंग होतं तिथे ते पुढच्या आठवड्याच्या तारखेला लागलं होतं. संध्याकाळ व्हायला आलेली आणि आम्ही नऊ जण बॅगा घेऊन उभे. शाळेतल्या सरांना फोन लागला, ते मोटारसायकलवर आले आणि अर्ध्या तासात त्यांनी आमची गावातल्या तीन घरांत वाटणी करून टाकली. आज वाटतं, ते बुकिंग चुकलं नसतं तर या लेखातलं अर्धं काही घडलंच नसतं.

गावात घरांच्या दोन सरळ ओळी, समोरासमोर, मधून रुंद मोकळा रस्ता. कुडाच्या भिंती, वर शेणामातीचा हात इतका गुळगुळीत फिरवलेला की भिंतीवर दिव्याचा उजेड पडला तरी चमकावी. आम्ही तिघी ज्या घरात उतरलो तिथल्या मावशींनी चुलीवर कुटकीचा भात, तुरीचं वरण आणि तव्यावर भाजलेल्या मिरच्यांची चटणी केली होती. कुटकीचा भात दिसायला आपल्या उपासाच्या भगरीसारखा. आम्ही ते एकादशीला खातो, त्यांच्याकडे ते रोजचं अन्न. पहिल्या घासाला मऊ लागतो आणि मग जिभेवर किंचित खरखरतो. मी तीनदा घेतला.

जेवण झाल्यावर मी घरून आणलेले बेदाणे काढले. तासगावकडून कुठेही जायचं तर बेदाणे न्यायचेच, ही आमच्याकडची रीत. मावशींनी चार दाणे तळहातावर घेतले, दिव्याजवळ नेऊन बघितले, एक चाखला आणि आत जाऊन टोपलीतून मूठभर काहीतरी आणलं. वाळलेली मोहाची फुलं. माझे बेदाणे आणि त्यांचे मोह एकाच ताटलीत पडले तर कुठला कुठला हे अंधारात ओळखू येईना. तोच तपकिरी रंग, त्याच सुरकुत्या. मोह चावल्यावर मात्र एक रानटी वास घशात उतरतो, तो बेदाण्याला नाही.

दिवस दुसरा : मोहाखाली गोंगाट

पहाटे साडेचारला मावशींनी हलवलं. मार्चमध्ये दिवसा इतकं ऊन होतं की डोकं दुखावं, पण पहाटे स्वेटर लागला. शाल किंवा स्वेटर नक्की न्या.

मोहाची फुलं झाडावरून तोडत नाहीत. ती रात्री-पहाटे आपोआप गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. आम्ही पोचलो तेव्हा झाडाखालची जमीन पिवळट पांढरी झाली होती. फूल म्हणजे पाकळ्या उमललेलं नाहीच, एक लहानशी मांसल, रसरशीत कुपी. बोटांना चिकटते. टप्‌ टप्‌ असा आवाज सगळीकडून येत होता आणि अधूनमधून एखादं डोक्यावर पडत होतं.

मावशींबरोबर शेजारपाजारची पाच-सहा पोरं होती. त्यांत एक लाल रिबीनवाली मुलगी, वय सहा असेल. ही मुलगी सतत बोलत होती. वेचता वेचता बोलायची, गायची, दुसऱ्या झाडाखालच्या पोराला ओरडून काहीतरी विचारायची, उत्तर आलं की खिदळायची. मला एक शब्द कळत नव्हता, पण ती गोष्ट सांगतेय, भांडतेय आणि मध्येच कुणाची तरी नक्कल करतेय हे नीट कळत होतं. मावशींना हिंदीत विचारलं, ही एवढी का बोलते? त्या म्हणाल्या, "भालू के लिए." मोहाची फुलं अस्वलालाही आवडतात. माणसांचा आवाज असला की ते लांब राहतं. म्हणून मोहाखाली गप्प बसायचं नसतं, आणि लहान मुलांना तर ते आवर्जून शिकवलेलं असतं.

संध्याकाळी रस्त्याच्या मधोमध बायका जमल्या. कोरकूत सुसून म्हणजे नाच, आणि बायकांच्या या नाचाला गदली सुसून म्हणतात. पुरुष ढोलक आणि बासरी वाजवतात, बायका अर्धगोलात एकमेकींना धरून संथ पावलं टाकतात. काहींच्या हातात चिटकोरा असतो, लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून टाळीसारखा आवाज काढायचा. नाच दिसायला अगदी सोपा. दोन पावलं पुढे, किंचित वाकायचं, एक मागे. पण माझी पावलं सारखी उलटी पडत होती. कोणी मला समजावून सांगितलं नाही, कोणी थांबवलं नाही. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी माझे हात जरा घट्ट धरले इतकंच. त्यांच्या ओढीने माझं शरीर जायचं तिकडे जाऊ लागलं आणि दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की आता मी पायांकडे बघत नाहीये.

मग आमची पाळी. आम्ही झिम्मा घातला आणि फुगड्या. फुगडी त्यांनी आधी नुसती पाहिली. मग एक पोक्त बाई पुढे आल्या, मॅडमच्या हातात हात गुंफले आणि अशा गरगरा फिरल्या की मॅडमचा चष्मा उडून ढोलकवाल्याच्या मांडीवर पडला. त्यानंतर रात्री दहापर्यंत त्या रस्त्यावर फुगडीशिवाय दुसरं काही चाललं नाही.

दिवस तिसरा : पाटी कोरी

सोमवारी शाळा भरली. दोन खोल्या, एक ओटा, मागे चिंचेचं झाड. पहिली-दुसरीचा वर्ग माझ्या वाट्याला आला. माझ्याकडे पाठाचं टाचण तयार होतं. विषय मराठी, घटक वचन : एक-अनेक. त्यासाठी मी घरी बसून कार्डं रंगवली होती. एका कार्डावर एक आंबा, दुसऱ्यावर खूप आंबे. एकावर एक कुत्रा, दुसऱ्यावर दोन कुत्रे.

पहिल्या बाकावर लाल रिबीन होती. मला बघून ती हसली आणि मला बरं वाटलं. मी कार्ड दाखवलं, "हा एक कुत्रा. आणि हे?" वर्ग शांत. पुन्हा विचारलं. दोन कुत्र्यांचं कार्ड मी लाल रिबिनीच्या अगदी जवळ नेलं. तिने कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू काहीतरी पुटपुटली. शेवटी "किंग" असा काहीतरी आवाज आला. मला काही बोध झाला नाही. मी मान हलवली, "कुत्रे" असं स्वतःच म्हटलं आणि पुढे गेले.

आम्हाला प्रत्येकी दोन मुलांचा निरीक्षण तक्ता भरायचा होता. मी तिचा भरला. मौखिक प्रतिसाद : देत नाही. शब्दसंपत्ती : अत्यंत मर्यादित. वचनाची समज : नाही. माझ्याच अक्षरातला तो कागद अजून माझ्याजवळ आहे. आदल्या दिवशी पहाटे हीच मुलगी दोन तास अखंड बोलताना मी ऐकली होती, आणि तरीही माझ्या हाताने हे लिहिलं.

दुपारी खिचडी होती. मुलं ओट्यावर रांगेने बसली, आम्हीही बसलो. वाढणाऱ्या बाईंना मी म्हटलं, "काकू, मला थोडंसंच वाढा." अख्खी रांग फुटली. हसून हसून एका मुलाच्या नाकातून शीतं आली. लाल रिबीन उठून माझ्यासमोर आली, दोन्ही तळवे जोडून त्यांची सळसळती शेपटी केली आणि म्हणाली, "काकू! काकू!" कोरकूत काकू म्हणजे मासा.

जेवणानंतर टाचण बाजूला ठेवलं. फळ्यावर एक मोठा मासा काढला, खाली लिहिलं काकू, शेजारी लिहिलं मासा. मुलं खडू मागायला लागली. कुणी वाघ काढला आणि सांगितलं, कुला. कुणी पान काढलं, साकोम. पाण्याच्या रेघा काढून, डा. मोजायला लागलो तेव्हा त्यांनी मला शिकवलं : मिया, बारी, आपई, उपून, मोनोई. मी पाचाच्या पुढे अडखळले की सगळा वर्ग एका सुरात पुढचा आकडा ओरडायचा. घंटा झाली तेव्हा फळ्यावर एकवीस शब्द होते. मासा सोडला तर त्या सत्रात मी त्यांना एकही नवा शब्द दिला नव्हता.

संध्याकाळी सरांशी बोलणं झालं. सर वऱ्हाडातले, नऊ वर्षं याच शाळेत. त्यांच्याकडे एक जाड रजिस्टर आहे, त्यात ते पहिल्या दिवसापासून मुलांकडून ऐकलेले शब्द लिहीत आले आहेत. कोरकू हे नावसुद्धा त्यांनीच उलगडून सांगितलं. कोरो म्हणजे माणूस, कू लावलं की अनेकवचन, कोरकू म्हणजे माणसं. ही भाषा मराठीची बोली नाही आणि हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे हिचे सख्खे नातेवाईक झारखंडाकडच्या मुंडारी आणि संथाली. त्या सगळ्या पूर्वेला आणि ही एकटी इकडे पश्चिमेला, चारही बाजूंनी हिंदी-मराठी. २०११च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वासात लाखांच्या आसपास होते, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून.

सर म्हणाले, "पहिलीतलं पोरगं गप बसते मॅडम, अन् आपण लिहितो त्याले येत नाई. त्याले सारं येते. आपल्यालेच समजत नाई, हे कोण्या तक्त्यात लिवाचं?"

परीक्षेसाठी आम्ही राज्यघटनेचं कलम ३५०-अ पाठ केलं होतं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्यासाठी राज्याने पुरेशा सोयी पुरवाव्यात, असं ते कलम. पाच गुणांना येतं. त्या ओट्यावर बसून मी ते पहिल्यांदा समजून घेतलं.

दिवस चौथा : सिपना

मंगळवारी वर्ग नदीवर न्यायचं ठरलं. परिसर अभ्यासाचा तास. वनरक्षकदादा सोबत होते. हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतला एक. त्यामुळे इथे मनाला येईल तिकडे भटकता येत नाही आणि भटकूही नये. गावकऱ्यांची पाणवठ्याची ठरलेली वाट आहे, त्याच वाटेने गेलो आणि ऊन कलायच्या आत परतलो.

मेळघाटातून पाच नद्या वाहतात, खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार, आणि पाचही तापीला मिळतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. वाटेत एका आजोबांनी सागाच्या खोडावर हात ठेवून सांगितलं, "ये सिपना." सागाला सिपना म्हणतात, नदीचं नाव त्याच्यावरून. दोन्ही काठांना साग उभा होता. इतकं साधं नाव, आणि मी आदल्या रात्री मॅडमना त्याचा संस्कृत अर्थ विचारत बसले होते.

वाटेवर पुढे मुलं, मागे आम्ही. शाळेत बाकावर आक्रसून बसणारी हीच मुलं इथे आम्हाला हाताला धरून चालवत होती. एकाने ओल्या वाळूतला ठसा दाखवला. मी वाघ समजून थबकले, तर त्याने मान हलवली आणि नखांच्या खुणांवर बोट ठेवलं. वाघ नखं आत घेऊन चालतो, हा कुत्र्याचा ठसा. पहिलीतला मुलगा. एकीने दगड उचलून खालचा खेकडा दाखवला, दगड उचलताना आपल्या बाजूची कड वर करायची नाही, पलीकडची करायची, म्हणजे खाली विंचू असला तर तो आपल्याकडे येत नाही. तिने हे तोंडाने सांगितलं नाही. माझा हात धरून, दगडावर ठेवून, करवून घेतलं. रविवारच्या नाचातली ती घट्ट पकड मला आठवली.

पाण्यात पाय सोडून बसलो. वाटेत पाहिलेल्या लाकडी खांबांबद्दल आजोबा सांगत होते. गावाबाहेर झाडाखाली ते उभे होते, त्यांवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले. मेलेल्या माणसांच्या स्मृतीसाठी ते उभारतात, त्याला मुंडा म्हणतात. आमच्यातल्या एकीने फोटोसाठी मोबाईल काढला होता, आजोबांनी नुसतं बघितलं, तिने परत ठेवला. कोरीव काम सुंदर आहे, पण ते कुणाचे तरी आई-बाप आहेत. विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

परत आलो तेव्हा शाळेच्या पायरीवर दोन कुत्री आडवी पडली होती, एक काळं आणि एक भुरकं. कुत्र्याला सिटा म्हणतात हे मला सकाळीच कळलं होतं, आणि कू लावलं की अनेकवचन हे सरांनी शिकवलं होतं. मी मोठ्या उत्साहाने बोट दाखवून म्हटलं, "सिटाकू!"

लाल रिबिनीने मान हलवली. "सिटाकिंग."

मला वाटलं माझा उच्चार चुकला. पुन्हा म्हटलं, सिटाकू. तिने पुन्हा मान हलवली, पायरीवर गेली, काळ्या कुत्र्यावर हात ठेवला, "सिटा." मग दोन्ही कुत्र्यांवर दोन हात ठेवले, "सिटाकिंग." मग इकडेतिकडे पाहिलं, रस्त्यापलीकडे उकिरड्यावर पाच-सहा कुत्री होती, तिकडे हात केला, "सिटाकू."

मी सरांकडे बघितलं. सर हसत होते. "द्विवचन हाय मॅडम त्यायच्यात. एक, दोन अन् लय."

आठवीत संस्कृतच्या तासाला देवः देवौ देवाः घोकताना मी रडकुंडीला आले होते. द्विवचन ही पोथीतली गोष्ट, जिवंत माणसं असं बोलत नसणार, अशी माझी पक्की समजूत होती. आणि इथे सहा वर्षांची, पायात चप्पल नसलेली मुलगी दोन कुत्र्यांवर दोन हात ठेवून ते मला समजावत होती.

मग सोमवारचं कार्ड आठवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. माझ्या "अनेक"च्या कार्डावर दोन कुत्रे होते. मी तिला दोन दाखवून अनेक म्हणायला लावत होते. ती जे पुटपुटली होती, शेवटी किंग असलेलं, ते अचूक उत्तर होतं. तिच्या भाषेत दोन म्हणजे अनेक नव्हेतच.

सरांनी त्यांचं रजिस्टर उघडून आणखी एक पान दाखवलं. आम्ही यासाठी कोरकूत दोन शब्द आहेत. आले म्हणजे आम्ही, ज्याच्याशी बोलतोय तो सोडून. आबुंग म्हणजे त्यालाही धरून. हे वाचताच मी म्हटलं, सर, हे तर आपल्याकडे आहे. आम्ही आणि आपण! हिंदीत दोन्हींसाठी एकच हम. म्हणजे या मुलांना बाजारातल्या हिंदीत जो फरक करता येत नाही, तो त्यांच्या घरच्या भाषेत आहे आणि शाळेतल्या मराठीतही आहे. दोन भाषांची कुळं वेगळी आणि ही खुंटी मात्र दोन्हीकडे ठोकलेली. मी मराठी शिकवायला उभी राहते तेव्हा पाय ठेवायला इतकी भक्कम जागा आहे, हे मला कुठल्याच टाचणात कुणी दाखवलं नव्हतं. सरही दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग खिशातून पेन काढून त्यांनी त्या पानावर समासात लिहिलं : आपण, आम्ही.

दिवस पाचवा : चिखलदरा, गाविलगड

या दिवसाबद्दल थोडक्यात लिहिते. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि विदर्भाच्या उन्हातून तिथे पोचलं की हवा एकदम बदलते. इथे कॉफी होते, इंग्रजांच्या काळापासून. भीमकुंडाला मार्चमध्ये पाणी जवळजवळ नसतं, धबधबा बघायचा असेल तर पावसाळ्यात या. गाविलगडाला मात्र कुठल्याही ऋतूत जा, फक्त सकाळी लवकर निघा आणि पाणी भरपूर न्या. १८०३च्या डिसेंबरात, १५ तारखेला, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, तो सावकाश बघा. परतताना सेमाडोहला रबडी खाल्ली. मेळघाटात गवळी समाजाची गावं आहेत आणि दुधाचा धंदा जुना, त्यामुळे रबडी आणि खवा दोन्ही उत्तम. आमच्यातल्या मुलाने चार द्रोण संपवले.

दिवसभर माझं मन मात्र शाळेत होतं. गाडीत बसून मी नवीन कार्डं रंगवत होते आणि घाटाच्या वळणांवर ब्रश सारखा बाहेर जात होता.

दिवस सहावा : तीन कार्डं

शेवटच्या दिवशी सकाळी मी पुन्हा पहिली-दुसरीत उभी राहिले. मॅडम आणि सर मागे बसले. पहिलं कार्ड दाखवलं, एक कुत्रा. मुलं म्हणाली, सिटा. मी म्हटलं, मराठीत कुत्रा. दुसरं कार्ड, दोन कुत्रे. सिटाकिंग! तिसरं कार्ड, सात कुत्रे, मी मुद्दाम एकाचं शेपूट वाकडं काढलं होतं. सिटाकू! मग म्हटलं, कोरकूत तीन शब्द आहेत, मराठीत दोनच आहेत. मराठी दोनलाही कुत्रे म्हणते आणि साताला पण कुत्रे म्हणते. सरांनी ते कोरकूत सांगितलं.

वर्गात कुजबुज झाली. मग दुसरीतल्या एका मुलाने हात वर केला आणि सरांना काहीतरी विचारलं. सरांनी मला सांगितलं, "तो विचारते, मंग मराठीत दोनच हायेत हे दुसऱ्याले समजते कसं?"

मी म्हटलं, आम्ही दोन हा आकडा आधी लावतो. दोन कुत्रे. त्याने थोडा विचार केला आणि मान डोलावली. लाल रिबिनीने पाटी घेतली, दोन कुत्रे काढले, आणि मला न विचारता खाली लिहायला लागली. क, त, मध्ये थांबली. जोडाक्षर तिला येत नव्हतं. मी पाटीवर दुसऱ्या कोपऱ्यात "त्रे" लिहून दाखवलं आणि तिने ते चित्र काढावं तसं काढलं.

शिक्षक किंवा छात्राध्यापक वाचत असतील तर कामाच्या काही गोष्टी. मुलांना चित्र दाखवल्यावर आधी त्यांचा शब्द विचारा आणि तो फळ्यावर लिहा, आपला नंतर. शब्द देवनागरीत लिहिता येतो, तो तंतोतंत उतरला नाही तरी मुलं वाचून दुरुस्त करतात. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, सरांच्या रजिस्टरसारखी. वर्गाबाहेर जायची संधी मिळाली तर पहिल्याच आठवड्यात जा, ओळख झाल्यावर सहलीला नेऊ असं म्हणू नका, ओळख तिथेच होते. आणि गावात राहणार असाल तर खाऊ म्हणून चॉकलेटं नेण्यापेक्षा आपल्या गावचं काहीतरी न्या.

निघताना मावशींनी माझ्या डब्यात वाळलेले मोह भरून दिले. मी उरलेले बेदाणे त्यांच्या टोपलीत ओतले. त्यांनी विचारलं, हे कुठे वाळवता? मी सांगितलं, शेडमध्ये, जाळीवर, आणि याच दिवसांत. कोण वेचतं? मी म्हटलं, बाहेरून मजूर येतात. त्यांनी विचारलं, त्यांची पोरं? मला लगेच उत्तर देता आलं नाही. आमच्या शेजारच्या शेडवर दरवर्षी माणसं येतात, त्यांची लहान मुलं शेडच्या सावलीत खेळत असतात. ती कुठून येतात, घरी काय बोलतात, मी आजवर कधी विचारलेलं नाही.

बडनेऱ्याहून गाडी सुटली तेव्हा अंधार पडला होता. वरच्या बर्थवर बसून मी निरीक्षण तक्त्याचा कोरा नमुना काढला आणि लाल रिबिनीसाठी पुन्हा भरला. मौखिक प्रतिसाद : अखंड, मोहाच्या झाडाखाली. शब्दसंपत्ती : निरीक्षकाला मोजता आली नाही. वचनाची समज : तीन वचनं. मग वचनाच्या पाठाचं नवं टाचण लिहायला घेतलं. शैक्षणिक साहित्य या रकान्यात लिहिलं : तीन कार्डं, पाट्या, आणि शाळेच्या पायरीवरची दोन कुत्री, एक काळं, एक भुरकं.